सीटबेल्ट लावलाय, पण नीट बसलाय का?

सीटबेल्टची क्लिक ऐकू आली की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. क्लिकवरून कळतं ते एवढंच, की पट्ट्याची धातूची जीभ बकलमध्ये अडकली. पट्टा अंगावरून नेमका कुठून गेलाय, त्यात ढील किती आहे, पाठ सीटला टेकलीय की नाही, हे त्या आवाजातून कळत नाही. आणि धडकेत किती लागणार हे बरंचसं याच गोष्टींवर ठरतं. पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका पट्ट्यामुळे ४५ ते ५० टक्क्यांनी कमी होतो, हा जगभर मान्य झालेला आकडा आहे. तो आपल्या बाबतीत खरा ठरायचा तर पट्टा लावण्यासोबत तो जागच्या जागी बसवणंही आलं.

आधी थोडा हिशेब

ताशी ५० किलोमीटर हा वेग गाडीत बसलेल्याला काहीच वाटत नाही. पण म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. या वेगाने घट्ट अडथळ्यावर आदळणं हे अंगातल्या ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखं आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे १०० च्या वेगाला हीच उंची ३९ मीटरवर जाते.

आदळल्यावर गाडीचा पुढचा भाग चुरगळत जातो आणि प्रवासी बसतात तो भाग अर्ध्या-पाऊण मीटरच्या अंतरात थांबतो. हे सगळं साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. पट्टा अंगासरशी असेल तर तुम्हीही गाडीबरोबर त्याच अंतरात थांबता. ७० किलोचा माणूस ५० च्या वेगावरून ६० सेंटिमीटरमध्ये थांबला तर त्याच्यावर सरासरी ११०० किलोच्या आसपास जोर येतो. आकडा छातीत धडकी भरवणारा आहे, पण तो कमरेच्या आणि छातीच्या हाडांवर पसरलेला असतो आणि धडधाकट शरीर तो सहन करू शकतं.

पट्टा नसेल तर गाडी थांबते आणि माणूस ५० च्याच वेगाने पुढे जातो. स्टिअरिंग, डॅशबोर्ड किंवा काच, जे आधी लागेल त्यावर तो १० सेंटिमीटरमध्ये थांबतो. माणूस तोच, वेग तोच, पण जोर सात टनांच्या घरात, आणि तोही डोक्यावर नाहीतर छातीवर एकाच जागी. हाताने धरून राहीन म्हणणाऱ्याने एकदा हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

ढील का वाईट, तेही यातच आहे. गाडीचं चुरगळणं पहिल्या क्षणापासून सुरू होतं. पट्ट्यात पाच-सात सेंटिमीटर ढील असेल तर तेवढं अंतर तुम्ही मोकळेच पुढे जाता. तेवढ्या वेळात गाडीने आपलं अंतर वापरायला सुरुवात केलेली असते. मग पट्टा तुम्हाला धरतो तो उशिरा आणि जास्त जोराने.

पट्ट्याच्या पोटात काय असतं

कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा आजचा तीन टोकांचा पट्टा व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला. त्याआधी ते विमानातल्या इजेक्शन सीटवर काम करत. कंपनीने पेटंट घेतलं, पण इतर कारखान्यांनाही ते वापरू दिलं. एकच सलग पट्टा, एका हाताने लागणारा, आणि इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा आकार ज्याचं टोक कमरेच्या बाजूला खाली येतं, एवढीच त्यातली हुशारी. साठ वर्षं उलटून गेली तरी मूळ आकार तोच आहे.

पट्टा पॉलिएस्टरच्या विणीचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमानुसार त्याची रुंदी ताणाखालीही ४६ मिलिमीटरपेक्षा कमी होता कामा नये आणि तुटण्याची ताकद किमान १४.७ किलोन्यूटन, म्हणजे दीड टन वजन टांगण्याइतकी हवी. रुंदी महत्त्वाची, कारण जोर तेवढ्या जागेवर वाटला जातो. पीळ पडलेला पट्टा दोरीसारखा अरुंद होतो आणि एकाच रेषेत काचतो.

पट्टा गुंडाळणारी रीळ दोन दरवाजांमधल्या खांबाच्या पायथ्याशी प्लॅस्टिकच्या आवरणामागे असते. तिच्यात कुलपासाठी दोन वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. एका खोबणीत छोटी गोळी असते. गाडीने करकचून ब्रेक मारला, वळणावर हिसका बसला किंवा गाडी फार कलली की गोळी सरकते आणि रिळाच्या दात्यात खुंटी अडकते. दुसरी यंत्रणा पट्टा किती झटकन ओढला जातोय ते पाहते. घाईत पट्टा ओढला की अडकतो तो या दुसऱ्या यंत्रणेमुळे, आणि तीव्र उतारावर उभ्या गाडीत हळू ओढूनही अडकतो तो पहिल्या यंत्रणेमुळे. दोन्ही वेळा पट्टा बिघडलेला नसतो. थोडा आत जाऊ द्यायचा आणि सावकाश ओढायचा. तरीही सुटेना तर एकदा जोरात खेचून एकदम सोडायचा. रिळावर सैल बसलेले वेढे आवळले जातात आणि खुंटी सुटायला जागा मिळते.

नव्या गाड्यांत आणखी दोन भाग असतात. धडक ओळखताच एक छोटा स्फोटक दारूगोळा पेटतो आणि पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचून ढील काढतो. हा प्रिटेन्शनर. आदळल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास तो कामाला लागतो. त्यानंतर छातीवरचा ताण ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला की रिळाच्या मधला धातूचा दांडा पिळला जातो आणि पट्टा हिशेबाने थोडा सैल सोडतो, म्हणजे बरगड्या वाचतात. प्रिटेन्शनर असला म्हणून ढिला पट्टा चालेल असं समजू नका. तो काही सेंटिमीटरच खेचतो. जाड जॅकेट, मागे रेललेली सीट आणि आळसाने सोडलेली ढील, एवढं सगळं भरून काढणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

एअरबॅगचं नातंही इथेच सांगितलेलं बरं. एअरबॅगवर 'एसआरएस' ही अक्षरं असतात, त्यांचा अर्थ पूरक सुरक्षा यंत्रणा. पूरक कशाला, तर पट्ट्याला. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतल्या तीस-चाळीस भागांत ती फुगते आणि फुगताना तिचा तडाखा मोठा असतो. पट्ट्याने धरलेलं शरीर तिच्यावर येतं तेव्हा ती पूर्ण फुगून मऊ पडायला लागलेली असते. मोकळा माणूस तिच्या फुगण्याच्या वाटेतच सापडतो.

लावायची रीत

सुरुवात पट्ट्यापासून करू नका, सीटपासून करा.

१. ढुंगण सीटच्या अगदी मागच्या कोपऱ्यात टेकवा. सीटच्या पुढच्या भागावर बसून मागे रेलण्याची सवय असेल तर पुढचं सगळं फुकट जातं, कारण कमरेचा पट्टा आपोआप पोटावर चढतो.

२. पाठ जवळजवळ ताठ ठेवा. चालकाने हात लांब करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकवून पाहावं. खांदे सीटवरून न उचलता मनगट टेकलं तर अंतर बरोबर आहे. छातीचं मधलं हाड आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत किमान २५ सेंटिमीटर राहू द्या.

३. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी वर घ्या आणि डोकं त्याच्या शक्य तितकं जवळ असू द्या. मागून ठोकर बसली तर मान वाचवायचं काम त्याचं, पट्ट्याचं नाही.

४. पट्टा खांद्याजवळून धरून एका संथ ओढीत पलीकडे आणा. हात सरकवत पीळ आहे का ते बोटांनीच कळतं. जीभ बकलमध्ये घाला, क्लिक ऐका आणि जीभ धरून एकदा वर ओढून पाहा.

५. आता खरं काम. कमरेचा भाग दोन्ही हातांनी खाली दाबून बसवा. पोटाच्या खाली दोन्ही बाजूंना बोटांना टणक लागणारी हाडं आहेत. पट्टा त्या हाडांच्या टोकांखाली, मांड्या सुरू होतात तिथे आडवा गेला पाहिजे. पोट सुटलेलं असेल तर ते हाताने उचलून पट्टा त्याखालून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही, न केलं तर मात्र पट्टा आतड्यांवर बसतो.

६. खांद्याचा भाग बकलच्या बाजूने वर, खांद्याच्या दिशेने ओढा. कमरेतली उरलेली ढील वर येते आणि रीळ ती आत घेते. ही एक ओढ जवळपास सगळेजण विसरतात.

७. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधून जाऊन छातीच्या मधल्या हाडावरून तिरका उतरला पाहिजे. मानेला घासत असेल तर खांबावरची, पट्टा जिथून वळतो ती कडी खाली घ्या, खांद्यावरून घसरत असेल तर वर. कडीजवळचं बटण दाबून ती सरकते आणि ठरावीक खाचेत खट् करून बसते. खट् झालं नाही तर ती धडकेत सरकेल.

८. छातीवर पट्ट्याखाली तळहात आडवा घालून पाहा. सपाट हात जेमतेम जावा, मूठ जाता कामा नये.

पहिल्यांदा याला मिनिटभर लागेल. आठवडाभरात हात आपोआप चालतो आणि पाच सेकंदांत उरकतं. एकच गाडी दोघं चालवत असतील तर कडी आणि हेडरेस्ट दर वेळी पाहावे लागतात, तेवढंच.

जाड जॅकेट घातलं असेल तर चेन उघडून दोन्ही पाखे बाजूला करा आणि पट्टा आतल्या कपड्यावरून घ्या. कापूस-फोमचा फुगवटा हाताला घट्ट वाटतो, पण धडकेत तो चपटा होतो आणि तेवढी ढील तयार होते. खिशातला फोन, किल्ल्या, पेन पट्ट्याखाली येणार नाहीत हेही बघा.

कुठे चुकतं आणि त्याने काय होतं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वरचा पट्टा काखेखालून घेणं. मानेला टोचतो म्हणून लोक हे करतात. काखेखाली बरगड्यांचा जो भाग येतो तो लवचीक आणि नाजूक, आणि त्यामागे एका बाजूला यकृत, दुसऱ्या बाजूला प्लीहा. खांदा मोकळा राहिल्याने शरीराचा वरचा भाग पट्ट्याभोवती दुमडतो ते वेगळंच.

पट्टा पाठीमागून घेऊन बसणं, किंवा आवाज बंद करण्यासाठी नुसती जीभ बकलमध्ये खोचणं, याचा आणखी एक तोटा लक्षात येत नाही. काही गाड्यांत एअरबॅग केव्हा आणि किती जोरात उघडायची हे ठरवताना बकल लावलंय का याचा विचार होतो. तुम्ही त्या यंत्रणेला खोटी माहिती देता आणि ती तिच्यावर विसंबून निर्णय घेते.

सीट मागे पाडून झोपणं. लांबच्या प्रवासात चालकाशेजारी बसलेला माणूस हमखास असं करतो. सीट मागे गेली की वरचा पट्टा छातीपासून दूर हवेत तरंगतो. धडकेत माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो, कमरेचा पट्टा हाडांवरून निसटून पोटात रुततो, आणि वरचा पट्टा गळ्यावर येतो. झोपायचंच असेल तर सीट जेमतेम कलती ठेवून मानेला उशी घ्या. पाय डॅशबोर्डवर टाकून बसणंही याच जातीचं: एअरबॅग उघडली की गुडघे चेहऱ्याकडे येतात आणि खुब्याचा सांधा जागेवर राहत नाही.

पट्टा ढिला राहावा म्हणून लावलेले चिमटे, मऊ वाटावा म्हणून घातलेल्या जाड गाद्या, बाजारातले जोडपट्टे, हे सगळं टाळा. पट्टा खरोखर आखूड पडत असेल तर जोडपट्टा फक्त गाडीच्या कंपनीकडून, त्या मॉडेलसाठीचाच घ्या. नाहीतर बकल पोटाच्या मध्यावर येऊन बसतं, आणि तो धातूचा ठोकळा तिथे नको.

आणि 'जवळच तर जायचंय'. वर दिलेला तिसरा मजला हा ५० च्या वेगाचा हिशेब होता, महामार्गाचा नव्हे.

पाण्यात पडलो किंवा आग लागली तर अडकून राहू, ही भीतीही वारंवार ऐकू येते. असे अपघात एकूण अपघातांच्या मानाने फार थोडे असतात, आणि त्यांतही आधी धडक होतेच. तिच्यात शुद्धीवर राहिलेला माणूसच बाहेर पडू शकतो. नियमानुसार चाचणीत ताण सोसलेलं बकलही ६० न्यूटन, म्हणजे साधारण सहा किलोच्या दाबाने उघडलं पाहिजे. गाडी पाण्यात गेलीच तर क्रम लक्षात ठेवा: पट्टे सोडा, काच उघडा किंवा फोडा, आधी मुलांना बाहेर काढा, मग स्वतः. दरवाजाशी झटापट करू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तो उघडत नाही. पट्टा कापायचं आणि काच फोडायचं हत्यार ठेवायचं असेल तर बसल्या जागेवरून हात पोचेल तिथे ठेवा. डिकीत ठेवलेल्याचा उपयोग शून्य.

मागे बसणाऱ्यांसाठी

मागे पट्टा लागत नाही असं मानणाऱ्यांना पुढची सीट उशीसारखी वाटत असावी. तिच्या आत लोखंडी चौकट असते आणि तिच्यात एक माणूस बसलेला असतो. मागचा मोकळा माणूस ५० च्या वेगात टनावारी जोराने त्या पाठीवर आदळतो. पुढच्याने पट्टा लावलेला असला तरी तो स्टिअरिंग आणि मागून आलेला माणूस यांच्यात चिरडला जातो. बाजूने धडक बसली किंवा गाडी उलटली तर मोकळं शरीर सगळ्यांवर आदळत फिरतं, किंवा काचेतून बाहेर फेकलं जातं. 'बाहेर फेकला गेला म्हणून वाचला' ही गोष्ट सांगायला उरलेले फार थोडे असतात.

मागच्या सीटवर अडचण असते ती बकलांची. ती सीटच्या फटीत गेलेली असतात, दोन बकलं शेजारी असल्याने चुकीची जीभ चुकीच्या बकलात जाते, मधला पट्टा छतातून उतरत असेल तर त्याची दोन टोकं वेगवेगळी जोडावी लागतात. यावर उपाय एकच: गाडी रिकामी असताना एकदा बसून सगळी बकलं फटीतून वर काढून ठेवा आणि कोणती जीभ कुठे जाते ते पाहून घ्या. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल तर तिथे घरातलं मोठं माणूस बसवा, आणि तो पट्टा जितका खाली आणि घट्ट जाईल तितका घ्या.

मागे कुणी नसेल आणि डिकीत जड सामान असेल तर कडेचे दोन्ही पट्टे रिकाम्या सीटवर एकमेकांना छेदून विरुद्ध बाजूच्या बकलांत लावून ठेवा. सामानाचा धक्का बसला तर सीटच्या पाठीला तेवढा आधार मिळतो.

गरोदरपणात

पट्टा लावायचाच, शेवटच्या महिन्यापर्यंत. कमरेचा भाग पोटाच्या उभाराखाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर. वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून येऊन पोटाच्या बाजूने खाली. पोटावरून आडवा पट्टा कधीही नको. धडकेत वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या भिंतीपासून सुटण्याचा धोका त्यानेच वाढतो. स्वतः गाडी चालवत असाल तर पोट वाढेल तशी सीट मागे न्या आणि स्टिअरिंग छातीच्या दिशेने कलवा. २५ सेंटिमीटर राहत नसतील तर चालकाची जागा दुसऱ्याला द्या. धडक किरकोळ वाटली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मुलं

मांडीवर घेतलेलं मूल सुरक्षित असतं, हा समज मोडायला एक गुणाकार पुरे. १० किलोचं मूल, ५० चा वेग, वर काढलेल्या हिशेबाने १६ पट: १६० किलो. तेवढं वजन अचानक हातातून सुटू न देणारा माणूस नसतो. मोठ्याच्या पट्ट्यातच मुलाला घेणं त्याहून वाईट, कारण मग मोठ्याच्या अंगाचा सगळा भार मुलावर येतो.

तान्ह्या बाळाला मागे तोंड असलेलं आसन हवं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात. तोंड मागे असलं की धडकेत डोकं, मान, पाठ एकत्र आसनाच्या कवचात दाबली जातात. तोंड पुढे असेल तर सगळा ताण मानेवर. संयुक्त राष्ट्रांच्या १२९ क्रमांकाच्या नियमानुसार १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवं, पण ती किमान मर्यादा आहे. आसनाच्या उंची-वजनात बसतंय तोवर फिरवायची घाई करू नका. पाय आखडलेत म्हणून फिरवणारे बरेच आहेत. दुमडलेल्या पायांनी मूल आनंदात बसतं.

मागे तोंड असलेलं आसन चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नका. एअरबॅगचा तडाखा थेट बाळाच्या डोक्यामागे बसतो.

आसन बसवताना आयसोफिक्सचे, म्हणजे आसन थेट गाडीच्या चौकटीला जोडणारे आकडे (हुक) असतील तर दोन्ही बाजूंचे दर्शक हिरवे झाले पाहिजेत. वरची दोरी असेल तर ती सीटमागच्या कडीलाच, सामानाच्या हुकाला नव्हे. आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या तळावर घट्ट टेकायला हवा, तळातल्या पोकळ कप्प्याच्या झाकणावर नको. गाडीच्या पट्ट्याने बसवत असाल तर आसनावर गुडघा टेकवून वजन द्या आणि त्याच वेळी पट्टा ओढून घ्या. मग पट्टा जातो त्याच जागी आसन धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हललं तर पुन्हा बसवा.

मुलाच्या अंगावरचे पट्टे तोंड मागे असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, तोंड पुढे असताना खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. खांद्यावर पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करा. चिमटीत घडी आली तर ढिला आहे.

गाडीचा साधा पट्टा मुलाला केव्हा चालेल? वयावर जाऊ नका. वेगवेगळ्या देशांच्या नियमांत उंचीची मर्यादा १३५ ते १५० सेंटिमीटरच्या दरम्यान आहे, पण खरी परीक्षा सीटवर बसवूनच होते. पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेला वाकतात का, कमरेचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी राहतो का, वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जातो का, आणि मूल पूर्ण प्रवासात असं बसू शकतं का. चारांपैकी एकाचंही उत्तर नाही असेल तर उंची देणारं बूस्टर आसन अजून लागतं. गाडी बदलली की परीक्षा पुन्हा घ्यावी लागते, कारण सीटची खोली बदलते.

वापरलेलं आसन घ्यायचं असेल तर त्याचा पूर्वेतिहास माहीत असलेल्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. धडकेतून गेलेल्या आसनाच्या कवचातली चीर कापडाखाली दिसत नाही. बहुतेक आसनांवर मुदतही छापलेली असते.

तपासणी आणि निगा

वर्षातून दोनदा, पंधरा मिनिटं. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि उजेडात दोन्ही बाजू बघा. कडेला विस्कटलेले धागे, चीर, सिगारेटने पडलेलं भोक, उन्हाने फिकट आणि खरखरीत झालेला भाग, यांतलं काही दिसलं तर पट्टा बदलायचा. शिवून घ्यायचा नाही. टोकांच्या शिवणीचा टाका उसवलाय का तेही पाहा. मग पट्टा अर्धा बाहेर काढून एक झटका द्या, जागीच अडकला पाहिजे. बकल पाच-सहा वेळा लावून सोडा, जीभ प्रत्येक वेळी उसळून बाहेर यायला हवी. आत नाणं, बिस्किटाचा चुरा किंवा सांडलेलं सरबत गेलं की ते अर्धवट लागतं, आणि अर्धवट लागलेलं बकल हे न लावल्यापेक्षा फसवं. चुरा असेल तर व्हॅक्यूम क्लिनरने ओढून काढा. चिकट झालं असेल तर बदला. तेल घालू नका.

पट्टा आळसावून, रेंगाळत आत जात असेल तर रिळाच्या आधी खांबावरची कडी बघा. जिथून पट्टा वळतो तिथे घाम, धूळ आणि त्वचेचं तेल यांचा काळा, गुळगुळीत थर बसतो. नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं कडीतून आरपार घालून पुढेमागे ओढलं की तो सुटतो, आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच पट्टा पूर्वीसारखा सरसर जाऊ लागतो. पट्टा धुवायचा तर पूर्ण बाहेर काढून तो चिमट्याने अडवून ठेवा. सौम्य साबण, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. ब्लीच, थिनर आणि रंग यांनी पॉलिएस्टरची ताकद कमी होते. पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका. ओल रिळात गेली की बुरशी आणि गंज.

जिभेजवळ पीळ बसून राहिला असेल तर पट्टा सोडायची गरज नाही. जिभेच्या वर फूटभर अंतरावर पट्ट्याची तिरकी घडी घाला, म्हणजे तो काटकोनात वळेल. घडी चिमटीत दाबून धरा आणि जीभ वर सरकवत तिच्या फटीतून ती घडी पार करा. दोन-तीन प्रयत्नांत पीळ उलगडतो.

रीळ किंवा प्रिटेन्शनर मात्र घरी उघडू नका. त्यात स्फोटक आहे आणि जोरदार स्प्रिंग आहे.

धडकेनंतर

छातीवर आणि कमरेवर पट्ट्याचा तिरका वळ उठणं म्हणजे पट्ट्याने काम केलं. पण पोटावर आडवा वळ असेल तर लगेच रुग्णालय गाठा, दुखत नसलं तरी. आतड्याला झालेली इजा किंवा पाठीच्या मणक्याची चीर काही तासांनी बोलायला लागते. छातीच्या मधल्या हाडावर दाबल्यावर दुखणं, श्वास घेताना कळ येणं, हेही अंगावर काढू नये.

गाडीच्या बाबतीत, प्रिटेन्शनर एकदाच उडतो. उडाला की पट्टा लटकतो किंवा रीळ जाम होते आणि पूर्ण संच बदलावा लागतो. तो उडाला नसला, तरी जोरात आदळलेल्या गाडीत ज्या सीटवर माणूस होता तिथला पट्टा बदलून घ्या. विण एकदा ताणली गेली की दुसऱ्यांदा तितकी ताणत नाही, आणि वरून बघून ते ओळखता येत नाही.

वापरलेली गाडी घेताना दोन गोष्टी करा. प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाशी शिवलेली चिठ्ठी बघा. तिच्यावर बनवल्याचा महिना किंवा वर्ष असेल तर ते गाडीच्या वर्षाशी जुळतं का ते ताडा. एकाच पट्ट्याची तारीख वेगळी असेल तर का बदलला ते विचारा. दुसरं, चावी फिरवून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा बघा. तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटून राहिला तर एअरबॅग किंवा प्रिटेन्शनरच्या मंडलात बिघाड आहे. आणि मुळीच पेटला नाही, तर कुणीतरी तो काढून ठेवलाय का, हे तपासून घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.